वहिवाट

त्बिलिसीहून नकाशा गुंडाळून आणला तेव्हा
बसमध्ये कुणाच्या तरी मुरंब्याच्या बरणीने
त्यावर जांभळा डाग पाडला होता.
नेमका तिथे, जिथे मी कारंजं काढलं होतं.

खाणीचं संग्रहालय. क्विरिलाच्या काठी,
मँगनीज धुऊन धुऊन जिचं पाणी शाईसारखं.
आत काचेमागे दिवे, फावडी,
चौसष्ट सालचं हजेरीपुस्तक.
बाहेर लोखंडी कुंपण, कुंपणाआड गवत,
गवतात रोपवेचा एक निवृत्त पाळणा
आणि त्याच्यावर पाटी : हात लावू नये.

तीन दिवस मी फाटकाशी बसून माणसं मोजली.
तासाला सात.
त्यातली पाच औषधाच्या दुकानाकडे निघालेली,
कुंपणाच्या वाकलेल्या गजातून अंग चोरून,
गवतातून तिरपी.
गज कुणी वाकवला?
संचालक गुराम म्हणाले,
मी रुजू झालो तेव्हाही वाकलेलाच होता.

मग सभा. चाळीस खुर्च्या, चार माणसं.
लोकसहभाग हा शब्द मी सहा वेळा उच्चारला.
हीटरपाशी हात शेकत बसलेल्या लाम्झिराबाई
अखेर बोलल्या :
नळ राहणार ना?

कुठला नळ?

मागच्या भिंतीला, डोंगरातल्या झऱ्याचा.
सगळी आळी त्यावर पाणी भरते.
नकाशात तो नव्हता.
मी जागा मोजली होती, सूर्य मोजला होता,
तहान मोजायची राहिली.

दुसऱ्या दिवशी टेबल बाहेर काढलं, तुतीखाली.
नकाशा पसरला आणि दरीतून वारा सुटला.
लाम्झिराबाईंनी पटकन कोथिंबिरीची पिशवी ठेवली
एका कोपऱ्यावर.
ओतारने डोमिनोची पेटी.
शाळा बुडवून आलेल्या एका पोराने
(नाव काही सांगेना)
पायातला बूट काढून ठेवला.
नाझिब्रोलाने पाच लिटरच्या दोन भरल्या बाटल्या
धप्पकन माझ्या खुल्या रंगमंचावर.

वारा थांबेना. लोक थांबले.
काठी आली, पाव आला, औषधाची पुडी,
कुणाचा तरी चष्मा.
सरका जरा, मला दिसत नाही, असं म्हणणार होते.
पण पेन्सिल घेतली
आणि एकेका वस्तूभोवती रेघ ओढत गेले,
पोरं पाटीवर पंजा ठेवून काढतात तशी.

बाटल्या होत्या तिथे नळ आला,
दोन तोट्या, एक पोरांच्या उंचीची.
पेटी होती तिथे तुतीभोवती पार.
दगडाचा नको, ओतारने बजावलं,
बुडाला गारठा चढतो. म्हणून वर फळ्या.
बूट पाळण्याच्या दारात पडला होता.
पाटी काढली.

रंगमंच गेला. कारंजं गेलं.
खोटं कशाला बोलू, एक रात्र मला झोप आली नाही.
रंगमंचाच्या पायऱ्यांची वळणं
मी चार महिने घोटली होती.

तिरपी वाट मात्र तिरपीच ठेवली, नुसती खडी टाकली.
पाय इतकी वर्षं पडत राहिले की
मालकाचं नाव आपोआप फिकं होतं;
कोर्टातही त्याला वहिवाट म्हणतात.

कुंपण तोडायला आले तेव्हा
गुरामनी वाकलेला गज बाजूला काढला.
आता तो आत आहे, काचेमागे, हजेरीपुस्तकाशेजारी.
चिठ्ठीवर काय लिहावं ते अजून ठरलेलं नाही.

मे महिन्यात मी परत गेले.
पाळण्यात चार पोरं कुठेतरी पोचत होती.
पारावर ओतार हरत होता आणि भांडत होता.
नळाखाली नाझिब्रोलाने गालिचा धुवायला काढलेला,
खडीवरून लाल पाणी थेट फाटकापर्यंत,
आणि धुतलेला दुसरा गालिचा
नव्या कठड्यावर आडवा, ठिबकत.

गुराम वही घेऊन बाहेर आले.
कठड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
नोंदवहीत याला कुठला क्रमांक देऊ?

नाझिब्रोलाने हात न थांबवता सांगितलं,
वाळला की नेते.