वेढे

फ्रिजचा स्टॅबिलायझर परवा रात्री
एकदा टक् करून गप्प झाला.
काटा शून्यावर. सकाळी दूध नासलेलं.
इराप्पा कुंपणापलीकडूनच म्हणाला,
‘बिडू अक्का, होसादु तगो.
रिपेरीला तिप्पट घालशील.’

मी प्लग काढला,
पेटी ओट्यावर पालथी घातली.
चार स्क्रू. तीन निघाले,
चौथ्याची खाच आधीच कुणीतरी खाऊन टाकलेली.
खोबरेल सोडलं, चहा केला, प्याले,
मग सांडशीनं धरून पिळला.

झाकण निघालं आणि हसूच आलं.
एकोणीस वर्षं उद्यमबागेत
मी हेच तर गुंडाळलं :
तांब्याची तार, पिवळा कागद, वर वॉर्निश,
ज्याचा वास डब्यातल्या भाकरीलाही लागायचा.
ट्रे भरला की दाराबाहेर जायचा.
कुठं, हे विचारायची पद्धत नव्हती.

मशीनचा आकडा कायम अडकलेला
म्हणून मोठ्यानं मोजायचो, मी आणि गंगव्वा.
शंभरापर्यंत मी,
पुढं ती. नूरा ओंदु, नूरा एरडु...
मध्ये कुणी बोललं की सगळी तार सोडून
पुन्हा पहिल्यापासून.
बाजारात एकदा दोन लिंबं मागताना
मी नूरा एरडु म्हणून बसले.
बाईनं आख्खं पोतंच पुढं ढकललं.

आत, हिरव्या पट्टीवर, एक पाल.
वाळून कागद झालेली.
पुढचे पाय एका रेषेवर, मागचे दुसऱ्या,
मध्ये बोटभरही जागा नाही.
तिला कुणी सांगितलं नसणार.
चिमट्यानं उचलून अबोलीच्या कुंडीत ठेवली.
खाली पट्टीला काळा डाग, रिले जळलेला.

खडेबाजारात दुकानदारानं जुना रिले
उजेडात धरून फिरवला.
‘कोण उघडलं हे?’
आणि माझ्या मागं माणूस शोधू लागला.
‘मी.’
सत्तर रुपये. पावती दिली नाही.

इराप्पाच्या पोराची आयटीआयची सोल्डरिंग,
इराप्पाच्या हातात टॉर्च,
जो नको तिथंच उजेड पाडायचा.
शिसं वितळलं, धूर डोळ्यांत गेला,
हाताला मात्र सगळं आठवत होतं.

प्लग. बटण.
काही नाही.
मग टक्.
काटा एकशेनव्वदवर गेला, दोनशेपाच,
तिथंच थरथरत राहिला.
इराप्पा टॉर्च विझवायचं विसरला.

झाकण लावायच्या आधी पुन्हा प्लग काढला,
चष्मा पुसला
आणि वरच्या थराचे वेढे मोजायला घेतले.
कुणाच्या हातचे असतील, कळणार थोडंच.
तरीपण.
एक स्क्रू उरला होता, तो तोंडात धरून मोजत होते,
अडुसष्टावर होते,
तेवढ्यात इराप्पा म्हणाला,
‘काय मोजालीस अक्का?’

एक.
दोन.