जावई

पहिल्या कुड्या आत्याने दिल्या, जत्रेतल्या,
पितळेवर सोन्याचं पाणी.
तिसऱ्या दिवशी कानाच्या पाळ्या चिघळल्या.
आई खोबरेल लावत म्हणाली,
हिला खोटं सोसत नाही.

पुढे घरात ते कौतुकानेच सांगायचे.
लग्नाच्या बोलणीत मामाने वापरलं,
मुलीला खोटं चालत नाही हो,
आणि सासऱ्यांना वाटलं, स्वभाव सांगतायत.

छत्तीस वर्षांनी शेफील्डच्या हॉस्पिटलात
क्लिपबोर्ड धरून एक पोरगी विचारत होती :
कशाची ॲलर्जी? पेनिसिलीन? शेंगदाणे? लॅटेक्स?
मी म्हटलं, नाही.
कानाची गोष्ट मराठीत होती.
त्या रकान्याजवळ ती फिरकलीच नाही.

या गावात मी एकवीस वर्षं काटे-चमचे तपासले,
दिव्याखाली धरून, एकेक ओरखडा शोधत.
हातात पांढरे सुती मोजे,
बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून.
चमच्यांना माझ्यापासून जपतात, असंच धरून चालले होते.

मग गुडघा बदलला.
कोबाल्ट, क्रोमियम, आणि चवीपुरतं निकेल,
वरणातल्या हिंगाएवढं.
टाके सुकले. टेकडीवरच्या बसस्टॉपपर्यंत
काठीशिवाय गेले. दिगंबरने व्हिडिओ काढला.
सातव्या आठवड्यात गुडघा तापायला लागला,
नडगीवर पुरळ, रात्री कंगव्याने खाजवायचे.

सर्जन ॲशवर्थ एक्स-रेकडे बघून खूष झाले.
फार सुरेख बसलाय, म्हणाले.
जंतू नाहीत, सैल नाही, रक्त साफ.
फोटोत काही नाही, रक्तात काही नाही,
मग उरले कोण, तर मी.

दीड वर्षाने कुणीतरी त्वचेच्या विभागात पाठवलं.
मॉरीन नावाच्या नर्सने पाठीवर चौकोन चिकटवले,
पेनाने आकडे घातले. अंघोळ बंद.
शुक्रवारी पट्ट्या निघाल्या,
ऋजुताने फोटो काढून मोठा करून दाखवला :
पाठभर माझी कुंडली,
पाचव्या घरात निकेल, लालभडक.
मी रडले. म्हणजे, बरं वाटलं म्हणून.

तेव्हापासून आम्ही त्याला जावई म्हणतो.
घरजावई. दिसायला देखणा, वर्तनाने चोख,
त्याच्याबद्दल तक्रार केली तर लोक
तक्रार करणारीकडेच बघतात.
थंडीत घरात सगळ्यांच्या आधी तोच गारठतो.
काढून टाका म्हणावं, तर हाडात घर केलंय,
हाड घेऊनच निघेल थोडं.

जीन्सच्या बटणाला मी नेलपॉलिश लावते, बिनरंगाची, दोन हात.
चष्म्याच्या दांडीला. किल्लीला. साडीच्या पिनेला.
दर पंधरा दिवसांनी, वर्तमानपत्र पसरून,
शेजारची डोरीन म्हणते, तुझं हे काय चाललंय बाई.
आत कुठला ब्रश पोचणार.

दुसरा गुडघा मिळेल म्हणतात, मुलामा दिलेला,
निकेल बाहेर झिरपू न देणारा.
यादीत नाव आहे. चौदा महिने, कदाचित वीस.
मुलामा म्हटल्यावर मला आत्याची कुडी आठवली,
ॲशवर्थना सांगायला गेले,
पण पाणी दिलेलं, हे इंग्रजीत नीट बसेना.
ते म्हणाले, भरपूर पाणी पीत जा, उत्तम.

रात्री दोनला मी फ्रीझरमधून मटारची पिशवी काढते,
टॉवेलात गुंडाळून गुडघ्यावर ठेवते.
अंधारातून दिगंबर विचारतो, काय म्हणतोय?
बसलाय, मी म्हणते.
मग तो कूस बदलतो, हात मात्र इकडेच राहतो.

पिशवीवर त्याने जाड पेनाने लिहून ठेवलंय :
हे मटार उसळीचे नाहीत.
गेल्या रविवारी ऋजुताने तेच पुलावात घातले.
चांगला झाला होता.