एक दाबा

अंगणवाडीच्या कुंभारकर बाईंनी पालकसभेत
फळ्यावर एक नंबर लिहिला. म्हणाल्या,
याला नुसतं ‘नमस्कार’ पाठवा, तो शिकवेल.
सभेला बाप असा मी एकटाच,
तोही वैजयंताला ताप होता म्हणून.

महाप्याला माझी रात्रपाळी. गेट नंबर दोन.
आत काय आहे ते चार वर्षांत
मला कोणी दाखवलेलं नाही.
नुसती घरघर, आणि दार उघडलं की
पायांवर गार झोत.
कॉम्प्युटर आहेत म्हणतात, जगभरची बोलणी साठवलेली.
म्हणजे तो नंबरही आतच राहत असेल
आणि मी त्याचा वॉचमन.
रात्री अडीचला लिहिलं: नमस्कार.

तुमचं मूल तीन ते सहा वर्षांचं असेल
तर एक दाबा.
मी एक दाबला.

मग रोज एक धडा.
मुलाशी बोलताना गुडघ्यावर बसा,
डोळ्यांना डोळे येऊ द्या.
आमच्या कोपरखैरण्याच्या खोलीत
गुडघ्यावर बसायचं तर आधी बादली सरकवावी लागते,
मग गॅसची टाकी,
तोवर राग निम्मा उतरलेला असतो.
हे त्याला ठाऊक नसावं.

राग दाबा, असं मात्र तो कधीच म्हणाला नाही.
दहा मोजा म्हणाला.

ईश्वरीनं तूरडाळीच्या डब्यात पाणी ओतलं, त्या दिवशी
मी सहापर्यंत पोचलो.

तात्या तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटात माथाडी.
घरी आले की आकडा दारामागच्या खिळ्याला.
तो लोखंडाचा खण्ण आवाज झाला
की आम्ही तिघं भावंडं पुस्तकं उघडायचो,
उलटी का असेनात.
मारायचे ते हाताने.
आकडा कधी उगारला नाही,
हे आई अजून कौतुकाने सांगते.

त्या रात्री गेटवर बसून मी लिहिलं:
तात्या मारायचे. मग आम्ही झोपलो असं समजून
वळांवर खोबरेल लावायचे.
तळव्यांना घट्टे होते त्यांच्या,
ते वळांपेक्षा जास्त टोचायचे.
मी जागा असायचो.
हलायचो नाही, थांबतील म्हणून.
हे कुठल्या धड्यात येतं?

क्षमस्व, मला समजलं नाही.
मुख्य यादीसाठी शून्य दाबा.

मी काहीच दाबलं नाही.
पारसिकच्या डोंगरामागून उजाडलं,
बदलीचा माणूस आला, वहीत सही केली.

घरी ईश्वरी मोरीच्या कट्ट्यावर दात घासत होती.
फोन बघून म्हणाली, रात्रभर कोणाशी बोलतोस?
म्हटलं, एक जण आहे. मला बाबा व्हायला शिकवतो.
ओरडतो?
नाही.
मारतो?
नाही गं.
तिनं थोडा फेस गिळला.
मग तू त्याचं का ऐकतोस?

मी बादली सरकवली.
टाकी सरकवली.
गुडघ्यावर बसलो, आणि राग नसतानाच
दहा मोजले, सावकाश.
उत्तर काही सुचलं नाही.

वाट बघून कंटाळली ती.
ब्रश माझ्या हातात दिला
आणि मोठा आ केला,
मागच्या दाढांसाठी.
तिथे अजून तिचा हात पोचत नाही.