दोन बोटं माया

देवळाली कॅम्पात, लॅम रोडला लागून माझं दुकान.
एक मशीन, एक आरसा. आरशाला तडा.
तोफखान्याच्या सरावानं गेला, असं गिऱ्हाइकांना सांगतो;
खरं तर तो माझ्या मेहुण्याच्या कोपराचा.

तांडेल साहेब पहिल्यांदा आले ते पांढऱ्या कपड्यांत.
बॅचमध्ये नौदलाचे एकटेच.
गाव हर्णै, वडिलांची बोट.
मी खांदे मोजले, छाती मोजली,
हिरवा ओव्हरॉल बेतला.
"समुद्र सोडून नाशकात काय, साहेब?"
"इथं हवेत उभं राहायला शिकवतात."

उडणं सोपं, ते सांगायचे.
अवघड ते गांधीनगरच्या गवतावर,
दहा फुटांवर, एका जागी थांबणं.
उजवा हात सावरला की पाय चुकतो,
पाय सावरला की यंत्र शेपूट फिरवतं.
"बोटीवर सगळं हलायचं, मी स्थिर.
इथं जमीन ढिम्म. हलतो तो मीच."
मी सुईत दोरा ओवत होतो, तिसऱ्यांदा.
म्हटलं, कळलं.

माझ्या खणात बिस्किटांचा एक डबा आहे.
त्यात नावांच्या पट्ट्या, उसवलेल्या.
ज्यांना जमलं नाही ते आपापल्या पलटणीत परत गेले.
जाताना म्हणाले, मास्टर, नाव तेवढं काढा.
नाव निघतं.
सुईची भोकं राहतात,
चार धुण्यांनंतरही बोटांना वाचता येतात.

द्राक्षांवर शेकोट्या पेटवायची थंडी होती
तेव्हा साहेब आले. ओव्हरॉल काखेत, तोंड बंद.
मी काही न विचारता ब्लेड काढलं.
त्यांनी ब्लेडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि रुमाल सोडला.
आत पंख.

"खिशाच्या वर. सरळ."
लावले. एक टाका तिरका गेला, उसवून पुन्हा घातला.
तेवढ्यात त्यांनी हर्णैला फोन लावला.
पलीकडे वारा, इंजिनाचा ठोका.
"बाबा, झालं!"
"जाळं ओढतोय रे. मग बोल."

साहेब हसले, इतके
की अंगावर चढवलेल्या ओव्हरॉलची बगल ताणली.
म्हटलं, हसा, फाटणार नाही,
आत दोन बोटं माया सोडलीय.

ते गेल्यावर ब्लेड पुसून जागेवर ठेवलं.
सोमवारी नवी बॅच येते.