ईरीची मोजणी

शाळेत भूगोल शिकवायचो तेव्हा
ईरी हे फक्त एक सरोवर होतं,
पाचांतलं सर्वांत उथळ,
परीक्षेत एका गुणाचं.

आता गोरीच्या उत्तरेला, आमच्या गावात,
पहाटे पाचला तामाझच्या स्वयंपाकघरात
शेगडीभोवती आम्ही सात म्हातारे
आणि ईरी ही एक काउंटी झालीय.
तिथली मतदान केंद्रं नुकतीच बंद झाली.
नाझीब्रोला अक्रोड फोडता फोडता विचारते,
"किती टक्के मोजून झाले?"
जन्मात ती तिबिलिसीच्या पुढे गेली नाही,
पण पेनसिल्व्हेनिया हा शब्द
तिच्या तोंडात माहेरच्या नावासारखा बसलाय.

खिडकीबाहेर तामाझची बाग.
बागेच्या मधोमध काटेरी तार.
पलीकडे सफरचंदाची सोळा झाडं,
विहीर, आणि त्याच्या आईची कबर.
मागच्या हिवाळ्यात एक खांब
रात्रीतून अकरा पावलं अलीकडे आला.
खांब चालत नाहीत,
एवढं विज्ञान मीही शिकवलंय.

तेव्हा वॉशिंग्टनहून पत्रक आलं: "तीव्र चिंता."
आधीच्या राष्ट्राध्यक्षांच्या वेळी नुसतीच "चिंता" होती.
त्यांच्याही आधी एकदा "खपवून घेणार नाही".
ते तामाझने कापून भिंतीवर डकवलं.
कागद पिवळा पडला.
आम्ही विशेषणांवर दिवस काढणारी माणसं;
एक गळलं की रात्री
तारेपलीकडचा दिवा जरा जवळ वाटतो.

मला ती बाई दिसते.
तिला मार्सी म्हणू या, मार्सी वोज्नियाक.
चर्चच्या तळघरात, रांगेत, ओल्या बुटांनी उभी.
नवऱ्याचा कारखाना मे महिन्यात बंद पडला,
अंडी महागली,
थोरला सैन्यातून परतल्यापासून झोपत नाही,
कुठल्या देशातून परतला ते
तिला नकाशावर अजून सापडत नाही.
ती पेनाने छोटा गोल काळा करते.
त्या गोलात तामाझची विहीर मावत नाही.
का मावावी?
मीसुद्धा माझ्या मतपत्रिकेवर
तिचा कारखाना कधी शोधला नव्हता.

साडेनऊला पडद्यावर ईरीचा रंग ठरला.
कोणी टाळी वाजवली नाही, कोणी शिवी दिली नाही.
नाझीब्रोलाने टरफलं शेगडीत लोटली.
तामाझने रंगाचं काही विचारलंच नाही.
म्हणाला, "गुरुजी, आता कोणता शब्द येईल?"

चाळीस वर्षं खडू हातात धरलेला माणूस मी,
मला उत्तर यायला हवं होतं.
म्हणालो, "वीस जानेवारीपर्यंत
जुनाच चालेल."

तो उठला. टोपली घेतली.
तारेवरून एक फांदी अलीकडे लोंबत होती,
तिला हात घालून त्याने खाली ओढलं
आणि तोडत राहिला,
पिकली, किडकी, हिरवी,
हाताला येतील तेवढी.