टेकाडे

पासच्या वहीत जेसंगभाईनं आधी होगन लिहिलं,
खोडून हौजन,
मग वहीच माझ्याकडे सरकवली: तमे लखो, बेन.
मकरपुऱ्याच्या या फाटकावर रोज पन्नास नावं येतात
ट्रान्सफॉर्मर बघायला, तेल तपासायला, थकबाकी मागायला;
एवढं अडून बसत नाही कुणी.

पाहुणा काउंटरला कोपर टेकून उभा.
नॉर्वेचा. ओडवार हाउगेन.
घाम पुसत म्हणाला, अवघड नाही,
हाउग म्हणजे उंचवटा, मातीचा, गवत आलेला.
आणि शेवटचा एन?
एन म्हणजे ‘ते’. कुठलंतरी नव्हे. ते टेकाड.

माझं गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं, सुलटं केलं.
त्याला वाचता येणार नव्हतं. तरी.

साहेब मीटिंगमध्ये. चहा आला,
चहामागून पणजोबा आला:
टेकाडाचा मालक नव्हे, गडी.
ज्या शेतावर राबायचं त्या शेताचं नाव लागायचं,
शेत सुटलं की नाव तिथंच खुंटीला टांगून निघायचं.
मग सरकारी हुकूम निघाला,
एक आडनाव धरा, पुन्हा सोडू नका.
पणजोबा त्या हंगामात त्या टेकाडावर गवत कापत होता, इतकंच.
दोन वर्षं आधी विचारलं असतं, ओडवार म्हणाला,
तर मी आज नदी असतो.

पणजोबाचा भाऊ बोटीनं अमेरिकेला गेला,
तिथल्या कारकुनानं त्याला होगन केलं.
जेसंगभाईनं मान वर केली.

हाउगेन पुष्कळ आहेत म्हणे, कारण टेकाडं पुष्कळ.
रक्ताचं कुणीच कुणाचं नाही.

आमचा मूळपुरुष गायकवाडांच्या पागेत मोतद्दार.
आला कुठून? बाबा म्हणत, साताऱ्याकडून.
आत्या म्हणे, छे, खानदेश.
दोघंही गेले, भांडण तसंच राहिलं.
दांडिया बाजारात किराणावाला आम्हाला टेकरावाळा म्हणतो,
आम्ही ओ देतो.
ओडवारचं टेकाड एकच, बोट दाखवावं असं.
माझं अनेकवचन,
आणि त्यातलं एकही मी पाहिलेलं नाही.

फोटो आहे का, विचारलं.
होता मोबाइलवर: सरळ रस्ता, कडेला एक पांढरा खांब.
टेकाडाचा मुरूम या रस्त्याखाली गेला, तो म्हणाला,
ट्रॅक्टर आजोबांनीच चालवला. मजुरी बरी होती.

मी वहीत लिहिलं, हाउगेन.
येण्याचं कारण, तपासणी.
कोणाकडे, इथं पेन जरा थांबलं,
मग साहेबांचं नाव घातलं.

संध्याकाळी पुलाच्या चढावर स्कूटर कुरकुरली.
माझ्या रोजच्या वाटेवर एवढीच काय ती चढण.
हवा स्वच्छ असेल तर वरून पावागड दिसतो म्हणतात.
मी वेग कमी केला.
धूळ होती.
मागच्या रिक्षानं हॉर्न दिला.