निरीक्षणवही

पहिल्याच पानावर ओयार्सूनबाईंनी
लाल शाईने खोडलंय: ‘मूल उदास आहे.’
समासात लिहिलंय,
तुला कसं कळलं?
दिसलं तेवढंच लिही.

म्हणून आता असं लिहिते:
दहा वाजून चार. नेहुएन खिडकीपाशी.
उजव्या हाताची दोन बोटं तोंडात.
दहा सात. बूट काढले. त्यांची तोंडं भिंतीकडे केली.
दहा नऊ. पुन्हा घातले, डावा उजव्यात.
उदास हा शब्द जिभेवर येतो,
मी तो गिळते,
जशी कारखान्यात शिंक गिळायचे
पट्ट्यावरून सॅमन सरकत असताना.

मी एक्केचाळीसची.
बाकावर शेजारी यास्ना, एकोणीसची, माझ्या थोरलीहून लहान.
म्हणते, तुम्हाला तर हे सगळं येतच असेल,
तीन पोरं वाढवलीत.
वाढवली कुठली!
मी रात्रपाळीला जायचे,
परत यायचे तेव्हा ती थोडी वाढलेली असायची.

मंगळवारी पाचवं प्रकरण होतं.
दोन सारखे पेले, दोन्हीत सारखं पाणी.
एकातलं पाणी मुलाच्या डोळ्यांदेखत
उंच, चिंचोळ्या पेल्यात ओतायचं
आणि विचारायचं, आता कशात जास्त?
चार वर्षांचं मूल उंच पेल्याकडे बोट दाखवतं.
परत ओता, परत विचारा,
परत तेच बोट.
सातव्या वर्षाच्या आसपास कधीतरी, पुस्तक म्हणतं,
त्याला कळू लागतं
की उंच म्हणजे जास्त नव्हे.

यास्नाने ती ओळ पिवळ्या पेनने रंगवली.
माझं पेन तिथंच थांबलं.

किंचाओ बेटावरचं घर. चुलीत ओलं लाकूड धुमसतंय.
आई पावडरचं दूध ढवळतेय,
दवाखान्यातून महिन्याचं म्हणून मिळणारं
आणि विसाव्या दिवशी संपणारं.
धाकट्या रेनेसाठी ती तो उंच पेला काढते,
ज्यात कधीतरी मेणबत्ती जळली होती,
काठाला अजून मेण.
मला बसका कप, कान तुटलेला.
रेने दोन्ही हातांनी पेला उचलतो,
काठावरून माझ्याकडे बघतो.
त्याला जास्त का, म्हणून मी रडते.
आई म्हणते, तू मोठी ना.

मग एका संध्याकाळी रेने टेबलावरच झोपला,
पेला तसाच, भरलेला.
कोणी बघत नाहीसं पाहून
मी तो माझ्या रिकाम्या कपात ओतला.

अर्धाच भरला.

मान वर केली तर आई बघत होती.
ती काही बोलली नाही.
पातेल्यात पाणी घातलं, गोल फिरवून विसळलं,
ते पांढुरकं पाणी स्वतः प्यायली,
पातेलं पालथं घातलं.
मी दूध परत पेल्यात ओतलं, थेंब न सांडता.
दुसऱ्या दिवसापासून मीच ओरडायचे,
बघा बघा, रेनेला किती जास्त!

काल त्याला फोन केला. क्वेयोनला बोटीवर होता,
मागे इंजिनाची घरघर.
विचारलं, तो मेणाचा पेला आठवतो?
हसला. म्हणाला, तर!
लाडका होतो ना मी आईचा.
अडतीस वर्षांचा आहे.
मी म्हटलं, होतासच.

शिशुवर्गात पेले सगळे सारखे,
निळे, प्लॅस्टिकचे.
अकरा वाजता दूध वाटलं.
अकरा दोन. नेहुएनने आपला पेला
शेजारच्या मुलीच्या पेल्याला टेकवला.
वाकला. एक डोळा मिटला,
दुसरा काठाच्या रेषेत आणला.
अकरा तीन. तसाच.
अकरा चार. प्यायला.

बाई, यात खोडण्यासारखं काही नाही.